बोळीतले गट्टू

माझ्या नवऱ्याला लकवा मारला तेव्हा त्यांच्या रिटायरमेंटला थोडेच महिने उरले होते. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. म्हणजे आवाज होता, शब्दही होते, पण हवा त्या वेळी हवा तो शब्द सापडायचा नाही. पाणी पाहिजे असलं की "बस, बस" म्हणायचे. चष्मा मागायचा असला की "मंगळवार". चुकीचा शब्द तोंडातून गेला हे त्यांना कळायचं, ते जास्त वाईट होतं. मग ते डोळे मिटून घ्यायचे आणि किती तरी वेळ उघडायचे नाहीत.

हा माणूस नोकरीभर बांधकाम खात्यात होता. हदगाव, हिमायतनगर, मधली सगळी खेडी, तिकडच्या रस्त्यांवर उन्हातान्हात उभं राहून त्यांनी कामं करून घेतली होती. आवाज असा, की रोलरच्या धडधडीतही गुत्तेदाराला ऐकू जायचा. घरात मात्र कमी बोलायचे. मी नायगावला जिल्हा परिषदेच्या शाळेवर. नांदेडहून रोज जाऊन येऊन. दोघं दमून घरी यायचो, जेवायचो, झोपायचो. बोलायचं ते पुढं बोलू, असं चाललं होतं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर व्यायाम शिकवायला एक मॅडम यायच्या. त्यांनी सांगितलं, "सरांना रोज चालवा. घरात वळायला जागा नाही, बाहेर चालवा. पण जमीन सपाट पाहिजे. उजवा पाय अजून उचलत नाहीत ते, ओढतात."

सपाट जमीन म्हणजे आमच्या घराच्या बाजूची बोळ. गेटपासून मागच्या धुण्याच्या दगडापर्यंत सरळ गेलेली, एका अंगाला घराची भिंत, दुसऱ्या अंगाला कंपाउंड. घर बांधलं तेव्हा तिच्यात सिमेंटचे लाल-करडे गट्टू बसवले होते. सपाट मात्र ती कधीच राहिली नाही. आमची जागा पूर्वीची शेतजमीन, खाली काळी माती. उन्हाळ्यात ती भेगाळून खाली जाते आणि पावसाळ्यात पाणी पिऊन वर येते. गट्टू बसवताना माती खोल काढून खाली मुरूम भरायचा होता. नेमके तेव्हा हे हिमायतनगरच्या कामावर अडकले आणि गुत्तेदारानं वरवर मुरूम पसरून गट्टू मांडून टाकले. आल्यावर यांनी पाहिलं, टाच आपटून पाहिली, आणि म्हणाले, "हे खचणार. रिटायर झाल्यावर मी स्वतः उचलून नीट करीन."

त्यातच वर्षं गेली. कुठं गट्टू खचला, कुठं एका कडेनं वर आला. फटीतून हराळी उगवली. धुण्याच्या दगडाजवळ शेवाळ धरायचं, ते मी सुट्टीच्या दिवशी खराट्यानं घासायची. हराळी उपटायची, खुरप्यानं फटी कोरायची. पंधरवड्यात पुन्हा तेच. घरातली इतर कामं निदान झाल्यासारखी वाटतात. भांडी घासली की घासलेली दिसतात. या बोळीचं काम कधी दिसलंच नाही.

चालणं सुरू झालं. चार पायांची काठी डाव्या हातात, मी उजव्या बाजूला, माझा हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्यात. सकाळी शाळेला निघण्याआधी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा. दिवसा शेजारच्या मावशी त्यांच्यापाशी बसायच्या, पण चालवायचं काम त्यांच्यानं झालं नसतं. गेटपासून निघायचं, धुण्याच्या दगडाशी वळायचं. पाय ओढत जाताना चपलेचा खर्र खर्र आवाज यायचा. मी पुढचा गट्टू बघत चालायची, ते समोर बघत चालायचे. "इथं उंच आहे हं. इथं खड्डा आहे. पाय जरा उचला." रोज तीच वाक्यं. वर्गातही दिवसभर तेच, पाय नीट ठेवा, ओळ मोडू नका. संध्याकाळी माझ्याच आवाजाचा मला कंटाळा यायचा.

श्रावणात ते पडले. दोन दिवस पाऊस लागून होता, उघडीप मिळाली म्हणून बाहेर काढलं. बोळीच्या मध्यावर एक गट्टू रात्रीतून वर आला होता. मी तो पाहिला, तोंड उघडलं, तोवर त्यांच्या चपलेचं टोक त्यात अडकलं. पट्टा माझ्या हातातून निसटला नाही, म्हणून आम्ही दोघंही पडलो. मी खाली, ते माझ्या अंगावर. माझं कोपर फुटलं. त्यांना फार लागलं नाही, गुडघा खरचटला इतकंच. चिखलात पडल्या पडल्या ते "रविवार, रविवार" म्हणत होते. मावशी धावत आल्या, पलीकडच्या घरातून कुणी आलं, आम्हाला उठवलं.

दुसऱ्या दिवशी मी काठी पुढं केली तर त्यांनी डाव्या हातानं ती ढकलून दिली. तिसऱ्या दिवशीही. नंतर नंतर तर मला येताना पाहिलं की खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवायचे. मॅडम म्हणाल्या, "बसून राहिले तर आहे तेवढंही जाईल." मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, ते गट्टू काढून टाक. सगळीकडं फरशी टाकून घे." कोण काढणार, कोण टाकणार, हे त्यानं विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सांगत बसायलाही अंगात दम लागतो.

मी मिस्तरी शोधायला लागले. एक आला, बोळ बघून म्हणाला, "मॅडम, एवढ्याशा कामाला माणसं मिळत न्हाईत." दुसरा उद्या येतो म्हणून गेला तो गेला. तिसरा मात्र आला, तेही मी शाळेत असताना. मावशींनी गेट उघडलं. संध्याकाळी येऊन बघते तर त्यानं वर आलेले गट्टू ठोकून खाली बसवले होते आणि सगळ्या फटींत सिमेंट भरून टाकलं होतं. दिसायला साफ दिसत होतं. मावशी म्हणाल्या, "साहेब लई चिडले होते. काठी आपटून राहिले होते. मिस्तरी म्हणे, साहेबांना काय पाहिजे? मला तरी काय कळतंय!"

यांच्याकडं पाहिलं. चेहरा लाल झालेला. मला म्हणाले, "मंगळवार नको. मंगळवार नको." मी म्हटलं, "असू द्या आता. झालं ना एकदाचं." मला खरंच तेवढंच हवं होतं, काहीतरी एकदाचं होऊन जायला.

भाद्रपदातल्या पावसानं ते सिमेंट तडकलं. आधी सुटे सुटे वर यायचे, आता चार-चार, सहा-सहा गट्टू एकमेकांना चिकटून फळीसारखे उचलले गेले. मुरायला वाट नसल्यानं पाणी वरच साचायला लागलं, ते घराच्या भिंतीशी येऊन थांबायचं. आतल्या खोलीचा रंग खालून फुगला. मी खराट्यानं पाणी गेटकडं लोटायची, ते परत यायचं.

दिवाळीच्या सुट्टीत लातूरहून माझी नणंद आली. ही यांची मोठी बहीण, मी तिला अक्का म्हणते. अंगणवाडीत काम करून निवृत्त झालेली, विधवा, लेकाकडं राहणारी. गुडघे दुखतात म्हणून तेलाची बाटली पिशवीत घेऊनच फिरते, पण बसायचं नाव नाही. आल्या आल्या भावाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, त्याच्याशी जसं पूर्वी बोलायची तसंच बोलली. मग बोळीतून मागं हात-पाय धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं बाई, ही वाट हाय का डोंगर?"

रात्रीच्या स्वयंपाकाला बसलो तेव्हा मी सगळं सांगितलं. पडल्याचं, मिस्तऱ्यांचं, ते चालायला नाही म्हणतात त्याचं. सांगता सांगता पोळी करपली. ती ऐकत होती. म्हणाली, "आपण करू की."

"आपण दोघी?"

"आमच्या मायनं रस्त्यावर खडी पसरली जल्मभर. तिच्या मागं मागं मी मुरूम वाहिलाय. आन् हा," तिनं बाहेरच्या खोलीकडं मान हलवली, "हा माझ्या कडेवर असायचा. तिथंच त्याला रस्त्याचं याड लागलं. करू की."

मला हो म्हणवत नव्हतं. सुट्टीचे तेवढेच दिवस झोपून काढायचे, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण नाही म्हणण्याइतकीही ताकद नव्हती.

सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, आणि अक्कानं पदर खोचला. यांची खुर्ची आम्ही गेटजवळ सावलीत आणून ठेवली. पहारीनं पहिला गट्टू उचलायलाच फार वेळ गेला, सिमेंटनं घट्ट धरला होता. तो निघाल्यावर शेजारचे सुटत गेले. एकेक गट्टू हातात घेऊन छिन्नीनं त्याच्या कडेचं सिमेंट पाडायचं आणि भिंतीला लावून ठेवायचा. ऊन चढलं तशी माझी कंबर धरली. अक्का एका लयीत काम करत होती, मधेच थांबून गुडघा चोळायची, पुन्हा सुरू.

खालची काळी माती ओलीच होती. ती खोदून घमेल्यानं बाहेर टाकली. ट्रॅक्टरवाल्यानं मुरूम गेटबाहेर टाकून दिला होता, तो आत वाहिला. अर्ध्या बोळीतच आमचा जीव मेटाकुटीला आला. पुढच्या दिवशी मुरमावर पाणी मारून धुम्मस घातला. धुम्मस म्हणजे लाकडी दांड्याचा जड लोखंडी ठोकळा, मागच्या गल्लीतल्या एका बांधकामावरून मागून आणला होता. तो उचलायचा आणि सोडायचा. दोघी आळीपाळीनं. हे सगळं यांनी खुर्चीतून पाहिलं. एखाद्या जागी नीट बसलं नाही असं वाटलं की काठीचं टोक तिकडं करायचे. आम्ही पुन्हा ठोकायचो.

मुरमावर कच पसरली, म्हणजे खडी क्रशरची बारीक चुरी. लाकडी पट्टीनं ती सारखी करायला लागलो तेव्हा ते एकदम बोलले.

"डाळ."

मी म्हटलं, "करते हो. एवढं होऊ द्या, मग वरण टाकते."

"डाळ! डाळ!"

"भूक लागली का? केळ देऊ?"

त्यांनी मान जोरात हलवली. काठी आपटली. "डाळ, डाळ," आवाज चढत गेला. अक्का म्हणाली, "आरं, काय पाहिजे तुला, हातानं दाव." त्यांनी हात नुसताच हवेत तिरका फिरवला. आम्हाला काही कळेना. ते खुर्चीत पुढं सरकले, पडतील म्हणून मी धावले तर माझा हात झटकून टाकला.

आणि मग माझ्या आत काहीतरी संपलं. मी पट्टी खाली टाकली. "मला नाही कळत," मी म्हणाले. "तुम्हाला काय म्हणायचंय ते मला नाही कळत. दीड वर्ष मी ओळखून ओळखून चालवतेय. बस म्हणजे पाणी, मंगळवार म्हणजे चष्मा, आणि कधी मंगळवार म्हणजे आणखीच काही. मला नाही जमत आता. राहू द्या ही बोळ अशीच." आणि तिथंच काढलेल्या मातीच्या ढिगावर बसले. रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं. हातांना फोड आले होते, त्यांच्याकडं बघत बसले.

अक्कानं माझी समजूत काढली नाही की त्यांच्यावर रागावली नाही. पायरीवर बसून तिनं गुडघ्याला तेल लावायला घेतलं.

मग तांब्याचा आवाज आला. खुर्चीशेजारी स्टुलावर त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या ठेवलेला असायचा. तो त्यांनी डाव्या हातानं उचलला होता, आणि तो त्यांनी समोरच्या सारख्या केलेल्या कचीवर उपडा केला. मला वाटलं रागानं केलं. पण ते माझ्याकडं बघत नव्हते. पाण्याकडं बघत होते. पाणी कचीवर पसरलं, क्षणभर थांबलं, आणि मुरायच्या आधी त्याचा एक ओघळ सावकाश घराच्या भिंतीकडं निघाला. त्यांनी काठीनं तो ओघळ दाखवला. मग काठी कंपाउंडकडं नेली, तिथल्या नालीकडं.

"डाळ," ते हळू म्हणाले.

"ढाळ!" अक्का म्हणाली. "अगं, उतार म्हणतोय तो. ढाळ तिकडं द्या म्हणतोय, नालीकडं. आपण घराकडं देऊन राहिलोत."

त्यांनी डोळे मिटले, पण या वेळी मान हलवत होते. हो, हो, हो. अक्काला हसू फुटलं. मलाही आलं, पण ते हसू माझ्या छातीत दुखलं. या घरात इतक्या महिन्यांत त्यांनी पहिल्यांदा मला सांगायचं ते सांगितलं होतं, आणि मी त्यांना केळ देऊ का विचारत होते.

मी उठले. दोरी बांधली, भिंतीकडं थोडी वर, नालीकडं थोडी खाली. कच पुन्हा ओढली. पण माझ्या हातून ती नीट लागत नव्हती, कुठं जास्त, कुठं कमी. ते खुर्चीतून बघत होते आणि बघवत नसल्यासारखे चुळबुळ करत होते. शेवटी त्यांनी अक्काला खुणावलं. खाली घे म्हणून.

"खाली बसतोस? आरं, मग उठवायचं कुणी तुला?"

ते हात पुढं करून राहिले. आम्ही दोघींनी धरून त्यांना पोत्यावर बसवलं, उजवा पाय लांब सोडला. त्यांनी माझ्या हातातून पट्टी घेतली. डाव्या हातानं काम करायची सवय नाही. पहिल्यांदा ओढली ती तिरकी गेली. पुन्हा ओढली. दुसऱ्या टोकाला मी पट्टी धरली. मग हळूहळू जमलं. ते पट्टी ओढायचे, मान तिरकी करून एक डोळा बारीक करायचे, बोटानं एखादी जागा दाखवायचे. मी मूठभर कच टाकायची. मग अक्का गट्टू द्यायची, मी ठेवायची, ते रबरी हातोड्यानं हलके ठोकायचे. बोलायची गरजच पडत नव्हती. ऊन भिंतीवरून सरकून गेलं तरी आम्ही तिघं जमिनीवरच होतो.

उठवताना मात्र खरंच फजिती झाली. पाय ताठरला होता. अक्का मागून, मी पुढून, मावशी बाजूनं. दोनदा उचलून परत बसवलं. तिसऱ्यांदा अक्कानं त्यांना छातीशी कवटाळून असं उचललं, की ते उभे राहिल्यावरही क्षणभर तिच्या खांद्यावर डोकं टेकून तसेच राहिले. तिच्या गुडघ्याचं त्या रात्री काय झालं असेल ते तिनं सांगितलं नाही. मला तिच्या पिशवीत तेलाची रिकामी बाटली दिसली.

गेटपासून अर्ध्यापर्यंत बोळ झाली. फटींत बारीक वाळू झाडूनं सारली, सिमेंट नाही. उरलेली अर्धी, धुण्याच्या दगडाकडची, तशीच राहिली. सुट्टी संपली होती. अक्काला लातूरला नातवंडांचं बघायचं होतं. जाताना बसमध्ये चढून खिडकीतून म्हणाली, "उन्हाळ्यात येते, ऱ्हायलेलं करू." मी म्हटलं, "गुडघे बरे असले तर या." ती म्हणाली, "गुडघे काय बरे व्हायचेत आता."

दुसऱ्या दिवशी मी काठी पुढं केली. त्यांनी थोडा वेळ काठीकडं पाहिलं आणि धरली. नव्या भागावर आम्ही चाललो. पाय अजून ओढतच होते, तोच खर्र खर्र आवाज. सपाट झालं म्हणून पाय बरा होत नाही. पण अडकला नाही. जुना भाग सुरू होतो तिथं ते थांबले, मी त्यांना वळवलं.

शाळा सुरू झाली. पुन्हा पहाटेचा डबा, स्टँड, नायगावची बस, परत येऊन भाजी, औषधं, मालिश. सुट्टीच्या दिवशी जुन्या अर्ध्या भागातली हराळी काढायची. नव्या भागातही एका कोपऱ्यात गट्टू किंचित खचलाय, माझ्याच हातून तिथं धुम्मस कमी बसला होता. तो उचलून, खाली मूठभर कच टाकून परत बसवला. पाऊस आला की पुन्हा बघावं लागेल. हे संपणारं काम नाही, हे आता मला कळलंय, आणि कळून काही हलकं वाटत नाही.

परवा बसला उशीर झाला. गेट उघडलं तर दारातली खुर्ची रिकामी. बघते तर ते बोळीत होते, एकटे, काठी धरून, भिंतीपासून हातभर अंतरावर. मावशी मागं उभ्या होत्या, मला हातानं गप्प बस म्हणून खुणावत. जिथं आम्ही केलेला भाग संपतो तिथं ते पोचले. थांबले. काठी आधी फिरवली, मग डावा पाय, मग कमरेतून झटका देऊन उजवा. पुष्कळ वेळ लागला त्याला. वळले आणि मला पाहिलं.

मला आनंद झाला असेल. तेव्हा मात्र पाय इतके भरून आले होते, की पर्स खांद्यावरून काढली आणि पायरीवर बसले. "अजून एक फेरी मारा," मी म्हटलं. "तोवर मी जरा बसते. मग चहा टाकते."

"बस," ते म्हणाले.

त्यांना पाणी हवं होतं, की मला बसायला सांगत होते, ते मी विचारलं नाही. बसून राहिले.